जोसाची चॉइस यादी कशी भरायची आणि ती कुठे चुकते

जून उजाडला की आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी ओळखीतली मुलं लॅपटॉप घेऊन येतात. जोसाची, म्हणजे आयआयटी, एनआयटी आणि ट्रिपल आयटी अशा इंजिनिअरिंग संस्थांच्या एकत्रित ऑनलाइन प्रवेशाची, यादी भरून झालेली असते आणि आई म्हणते, "काकू, लॉक करायच्या आधी एकदा नजर टाका." बहुतेक याद्यांत मला एकच चूक दिसते.

एक मुलगा आला तो यादी लॉक करूनच. पहिल्या नंबरवर एका एनआयटीचं मेकॅनिकल होतं आणि सातव्यावर एका ट्रिपल आयटीचं कॉम्प्युटर सायन्स. मी विचारलं, "तुला नक्की काय हवंय?" म्हणाला, "कॉम्प्युटर." "मग ते सातवं का?" "मिळेल की नाही माहीत नव्हतं ना काकू. जे नक्की मिळेल ते वर टाकलं." पहिल्याच फेरीत त्याला मेकॅनिकल मिळालं. ती कॉम्प्युटरची सीट त्याच्या बऱ्याच मागच्या रँकवर बंद झाली. मागितली असती तर सहज मिळाली असती.

जोसाचा संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो. तुमच्या रँकला जे सगळ्यात वरचं मिळू शकतं ते देतो आणि तिथेच थांबतो. वर अवघड सीट मागितली म्हणून खालची हातची जात नाही. दुसऱ्या कुणी ती सीट त्याच्या पहिल्या नंबरवर ठेवली आणि तुम्ही चाळिसाव्या, तरी रँक तुमची पुढे असेल तर ती तुमची. म्हणून यादीचा क्रम फक्त आवडीने ठरतो. मिळेल की नाही, हा हिशेब यादी कुठून सुरू करायची आणि कुठपर्यंत लांबवायची एवढ्यासाठीच. पुढचं सगळं या दोन वाक्यांवर उभं आहे.

## १. मे महिन्यात उरकायची कामं

जेईई अॅडव्हान्स्डचा निकाल लागला की दुसऱ्याच दिवशी नोंदणी सुरू होऊ शकते. २०२५ मध्ये २ जूनला निकाल आला, ३ जूनला नोंदणी उघडली आणि १२ जूनला यादी बंद झाली. त्या दहा दिवसांत तहसीलच्या चकरा मारायला वेळ नसतो.

नाव सगळीकडे सारखं आहे का? आपल्या मराठी घरांत हा घोळ फार. आपण नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितो. इथल्या शाळांत बहुतेकदा नुसतं नाव आणि आडनाव असतं. दहावीच्या मार्कशीटवर दोन शब्द, आधारवर तीन आणि जातीच्या दाखल्यावर आडनावाचं स्पेलिंगच निराळं, असे कागद मी पाहिले आहेत. दहावीची मार्कशीट प्रमाण धरा आणि बाकीचे कागद तिच्याशी जुळवून घ्या.

ओबीसी नॉन-क्रीमी लेयर आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र. हे त्याच वर्षी १ एप्रिल किंवा त्यानंतर काढलेलं लागतं आणि तेही केंद्राच्या नमुन्यात. लोक सेवा केंद्रातून मिळालेलं राज्याच्या कामाचं जातप्रमाणपत्र वेगळं, हे वेगळं. अर्ज देतानाच काउंटरवर केंद्राच्या नमुन्याची प्रिंट समोर ठेवा. आणखी एक: केंद्राची ओबीसी यादी राज्यवार आहे. मूळ गावी महाराष्ट्रात आपली जात यादीत आहे, म्हणून मध्य प्रदेशच्या यादीतही असेल असं नाही. दाखला काढण्याआधी ही यादी उघडून बघा.

बारावीचे मार्क. आयआयटी आणि एनआयटी दोन्हीकडे बारावीला ७५ टक्के लागतात, नाहीतर आपल्या बोर्डाच्या पहिल्या २० पर्सेंटाइलमध्ये यावं लागतं. एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांना ही अट ६५ टक्क्यांची आहे.

मोबाइल आणि ईमेल. कियोस्कवर फॉर्म भरला आणि तिथल्याच माणसाचा ईमेल टाकला, असं घडतं. मग जूनमध्ये ओटीपी भलत्याच्या फोनवर जातो. नंबर घरातलाच हवा आणि तो दोन महिने रिचार्ज केलेला हवा.

*तपासा: दहावी आणि बारावीची मार्कशीट, फोटो ओळखपत्र, आरक्षणाच्या वर्गाचं प्रमाणपत्र, बँक खात्याचा कागद, सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये आहे का? फाइलची नावं कुणालाही कळतील अशी आहेत का?*

## २. आपली रँक आणि आपलं राज्य नीट ओळखा

इथे चुकलं की पुढचा सगळा हिशेब फुकट जातो.

आयआयटीच्या सीट अॅडव्हान्स्डच्या रँकवर मिळतात. एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या इतर संस्थांच्या सीट जेईई मेनच्या रँकवर. यादी मात्र दोन्हींची मिळून एकच. ओपन सीटसमोर छापलेली क्लोजिंग रँक, म्हणजे ती सीट ज्या शेवटच्या रँकला मिळाली ती, कॉमन लिस्टमधली असते. ओबीसी, ईडब्ल्यूएस, एससी, एसटी सीटसमोरची त्या त्या वर्गातली. आपली वर्गातली रँक ओपनच्या रकान्याशी ताडून आनंदून जाणारी घरं दर वर्षी भेटतात. मुलींनी फक्त मुलींसाठी असलेल्या सीटचा रकानाही बघायचा. भरताना वर्ग किंवा कोटा निवडायचा नसतो. तुम्ही संस्था आणि शाखा निवडता, बाकीचं संगणक आपोआप पाहतो.

आता राज्याचं. एनआयटीत निम्म्या सीट त्या राज्यातल्या मुलांना आणि निम्म्या बाहेरच्यांना असतात. 'आपलं राज्य' ठरतं ते बारावी ज्या राज्यातल्या शाळेतून पास झालात त्यावर. घर कुठे आहे, मूळ गाव कुठलं, मूल निवासी (रहिवासाचा) दाखला कुठला, याचा इथे संबंध नाही. इंदूरमधून बारावी केली तर भोपाळची एनआयटी, म्हणजे मॅनिट, होम स्टेट, आणि नागपूरच्या व्हीएनआयटीत तुम्ही बाहेरचे, मग आजोळ धंतोलीत असलं तरी.

सावधान: इंदूरची जी मुलं राजस्थानातल्या कोटा शहरात राहून तिथल्याच शाळेतून बारावीला बसतात त्यांचं होम स्टेट राजस्थान होतं. मॅनिटच्या निम्म्या सीट त्यांच्यासाठी बंद, जयपूरच्या एमएनआयटीच्या उघड्या. हे वाईटच आहे असं नाही, पण अकरावीला नाव घालतानाच कळायला हवं. आमच्या नात्यातल्या एका घराला हे जूनमध्ये कळलं.

आयआयटीत राज्याचा कोटा नाही. सिमरोलचं आयआयटी इंदूर घरापासून तासाभरावर आहे, पण इंदूरकर म्हणून तिथे काही सवलत मिळत नाही.

## ३. तीन थर काढा

जोसाच्या वेबसाइटवर मागच्या वर्षांच्या ओपनिंग आणि क्लोजिंग रँक आहेत. शेवटच्या फेरीच्या बघा, कारण पहिल्या फेरीचे आकडे पुढे बरेच सैल होतात. किमान दोन वर्षांचे आकडे घ्या. एखादी शाखा एका वर्षी पार खाली घसरली असेल तर तेवढ्यावर विसंबू नका.

थर पाडण्याचा माझा स्वतःचा अंदाज सांगते. हा नियम नाही. समजा मेनची कॉमन रँक २०,००० आहे, वर्ग ओपन.

- वरचा थर: मागच्या वर्षी १३,००० ते १९,००० दरम्यान बंद झालेल्या सीट. यातलं थोडंच हाती लागतं, पण मागायला काही पडत नाही.
- मधला थर: १९,००० ते २५,०००. बहुतेकांची सीट इथेच ठरते.
- तळाचा थर: २५,००० ते ४०,०००, म्हणजे आपल्या रँकच्या दुपटीपर्यंत.

वरच्या थरात मुलं भरमसाट भरतात आणि मधला थर सात-आठ ओळींत आटोपतात. खरं काम मधल्या थरात आहे. तिथली एकही ओळ न वाचता सोडू नका. तळाचा थर कंटाळून अर्धवट टाकतात. मग 'नो सीट अलॉटेड' आलं की धावपळ.

यादीला संख्येची मर्यादा नाही. शंभर-सव्वाशे ओळी झाल्या तरी हरकत नाही, अट एवढीच की प्रत्येक ओळ अशी हवी की ती मिळाली तर तुम्ही खरंच जाल. जिथे जायचंच नाही ते 'असू दे' म्हणून टाकू नका. ती सीट मिळाली आणि स्वीकारली नाही तर तुम्ही पुढच्या फेऱ्यांतूनही बाहेर पडता.

याच टप्प्यावर पैशांचं बोलून घ्या. आयआयटी आणि एनआयटीत एससी, एसटी आणि दिव्यांग मुलांची ट्यूशन फी माफ असते. इतरांत घराचं वार्षिक उत्पन्न १ लाखापर्यंत असेल तर पूर्ण ट्यूशन फी माफ आणि १ ते ५ लाख असेल तर दोन तृतीयांश. पीपीपी, म्हणजे सरकार आणि खासगी भागीदारीच्या, तत्त्वावर चालणाऱ्या ट्रिपल आयटींचं गणित वेगळं आहे, तिथे फी बहुतेक वेळा जास्तच असते. प्रत्येकीचा फीचा कागद काढून चार वर्षांची बेरीज करा, होस्टेल आणि मेस धरून. बेरीज झेपणार नसेल तर ती ओळ आत्ताच काढा, जुलैमध्ये नको.

सावधान: शाखेचं नाव शेवटपर्यंत वाचा. 'चार वर्षे' की 'पाच वर्षे' हे त्याच ओळीत लिहिलेलं असतं. ग्वाल्हेरच्या ट्रिपल आयटीत चार वर्षांचे बी.टेक. आहेत आणि पाच वर्षांचे एकात्मिक कोर्सही. पाच वर्षांचा कोर्स घ्यायला हरकत नाही, पण तो समजून घेतलेला असावा.

## ४. क्रम लावा, पण स्क्रीनवर नाही

हा टप्पा मी घरी कागदावर करून घेते. तीन थरांतल्या सगळ्या ओळी प्रिंट करायच्या आणि कात्रीने एकेक पट्टी कापायची. पट्टीवर संस्था आणि शाखा एवढंच. क्लोजिंग रँक पट्टीवर लिहायची नाही. मग सतरंजीवर पट्ट्या मांडायच्या. दोन पट्ट्या हातात घेऊन मुलाला एकच प्रश्न विचारायचा: "उद्या सकाळी ही दोन्ही पत्रं दारात आली, तर कुठलं ठेवशील?" जे ठेवेल ते वर. मग तिसरी पट्टी, तिची जागा शोधायची, मग चौथी.

दोन-अडीच तास लागतात. पण आकडा समोर नसला की मुलं खरं बोलतात. "सुरतचं केमिकल की ग्वाल्हेरचं आयटी?" असं विचारल्यावर एक मुलगी बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मला मुळात केमिकल करायचंच नाहीये." तिच्या यादीत केमिकलच्या अकरा ओळी होत्या. अकराही पट्ट्या सतरंजीवरून उचलल्या.

शाखा आधी की संस्था आधी, हा वाद याच बैठकीत निघतो. माझं मत असं: मुलाला एखादा विषय मनापासून आवडत असेल तर शाखा धरा आणि संस्थेत दोन पायऱ्या खाली उतरायची तयारी ठेवा. अजून काहीच ठरलं नसेल तर चांगली संस्था धरा, कारण तिथली संगत आणि शिकवणं कुठल्याही शाखेत उपयोगी पडतं. मात्र 'पहिल्या वर्षी मार्क आणून शाखा बदलून घेऊ' या भरवशावर सीट घेऊ नका. शाखा बदलाचे नियम प्रत्येक संस्थेचे वेगळे आहेत आणि काही आयआयटींनी ही सोय बंद केली आहे. जी शाखा मिळेल तीच चार वर्षं शिकायची आहे असं धरून पट्ट्या लावा.

आई-बाबांचे आक्षेपही याच दिवशी ऐकून घ्या. "इतक्या लांब नको", "मुलगी एकटी सिलचरला कशी राहील", जे मनात असेल ते आत्ता बोला. सीट मिळाल्यावर घरात सुरू झालेली भांडणं मी पाहिली आहेत, आणि तेव्हा हातात मोजकेच दिवस असतात. शेवटचा शब्द मुलाचा असावा असं मला वाटतं, कारण राहायचं त्याला आहे. पण घराला खरोखरच न झेपणारी ओळ यादीत ठेवण्यात अर्थ नाही.

*तपासा: यादीतल्या कुठल्याही लागोपाठच्या दोन ओळी घ्या. खालची मिळालेली असताना वरची देऊ केली, तर मूल आनंदाने जाईल का? एका जोडीलाही 'नाही' असेल तर क्रम चुकला आहे.*

## ५. भरा, मॉक बघा, लॉक करा

पट्ट्यांचा क्रम वहीत उतरवा, मग पोर्टलवर भरा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने क्लिक करायचं. दर वीस ओळींनी सेव्ह करा. पूर्ण भरल्यावर पीडीएफ काढून वहीशी ओळ न् ओळ ताडून बघा. मिळत्याजुळत्या नावांच्या संस्थांत बोट घसरतं: भोपाळमध्ये मॅनिटही आहे आणि ट्रिपल आयटीही.

यादी बंद होण्याआधी साधारणपणे दोन मॉक अलॉटमेंट, म्हणजे नमुन्याची सीटवाटपं, दाखवतात. मॉकमध्ये जे दिसेल ते पक्कं नव्हे. तोपर्यंत अनेकांच्या याद्या अर्ध्याच असतात. मॉकचा उपयोग दोन गोष्टींसाठी. काहीच मिळालं नाही तर तळाचा थर वाढवा. अगदी पहिल्या ओळी मिळाल्या तर त्यांच्यावर आणखी काही मागायचं राहिलं का ते बघा. मॉक बघून क्रम उलटापालटा करू नका. तो सतरंजीवर ठरलाय.

शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी लॉक करा. लॉक केलं नाही तर शेवटची सेव्ह केलेली यादी आपोआप लॉक होते, मग ती कशीही असो. पुढच्या सगळ्या फेऱ्या याच एका यादीवर चालतात, मध्ये नवीन ओळ टाकता येत नाही. लॉक झालेल्या यादीची प्रिंट काढून कपाटात ठेवा.

## ६. सीट मिळाल्यावर: फ्रीज, स्लाइड, फ्लोट

तीन कामं, तिन्ही मुदतीत: पर्याय निवडणं, कागद अपलोड करणं, फी भरणं. एक जरी राहिलं तरी सीट जाते.

- फ्रीज: मिळालं ते बस झालं, पुढे काही नको.
- स्लाइड: संस्था हीच, पण यादीत वर असलेली तिथलीच दुसरी शाखा मिळाली तर द्या.
- फ्लोट: यादीत वर असलेलं काहीही मिळालं तर द्या.

फ्लोट केलं म्हणून हातातली सीट धोक्यात येत नाही, वरचं मिळेपर्यंत ती तुमचीच. पण वरचं मिळालं की जुनी सीट आपोआप सुटते, 'नको, आधीचीच बरी होती' म्हणता येत नाही. यादीचा क्रम खरा असेल तर फ्लोट निर्धास्त करा. क्रम घाईत लावलेला असेल तर फ्लोटच्या आधी वरच्या ओळी पुन्हा वाचा. पुढच्या फेरीत फ्लोटवरून स्लाइड किंवा फ्रीजवर येता येतं.

सावधान: कागद अपलोड केले म्हणजे काम संपलं नाही. तपासणाऱ्या अधिकाऱ्याने शंका काढली तर ती लॉगिनमध्ये दिसते आणि उत्तराला मुदत असते. त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ लॉगिन उघडून बघायचं काम घरातल्या एकाला नेमून द्या. सगळ्यांनी बघायचं ठरलं की कुणीच बघत नाही.

## ७. बाजूला चालू ठेवायच्या गोष्टी

जोसाच्या भरवशावर राज्याचं काउन्सेलिंग सोडू नका. इंदूरचं एसजीएसआयटीएस आणि देवी अहिल्या विद्यापीठाचं आयईटी इथे मेनच्या रँकवर राज्याच्या तंत्रशिक्षण विभागाकडून प्रवेश होतात. घरून जाऊन-येऊन शिकणाऱ्यांसाठी हा तळाचा थर फार भक्कम आहे. माझ्या मते तर कित्येक लांबच्या नव्या संस्थांच्या वरचा. इथे मात्र मूल निवासी दाखला कामाचा, आणि तो समग्र आयडीसकट (मध्य प्रदेशातल्या कुटुंब नोंदणीचा नंबर) आधीच तयार हवा. उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ट्यूशन फी माफीच्या सीटसाठी उत्पन्नाचा दाखलाही काढून ठेवा. या सीट प्रत्येक शाखेत थोड्याच, ५ टक्क्यांपर्यंत असतात.

जोसाच्या शेवटच्या फेरीनंतर एनआयटी आणि ट्रिपल आयटीच्या उरलेल्या जागांसाठी सीसॅब या केंद्रीय सीटवाटप मंडळाच्या विशेष फेऱ्या होतात. त्यासाठी नोंदणी नवी, यादीही नवी. हातात जोसाची एनआयटी सीट असताना तिथे उतरलात आणि काही मिळालं, तर जुनी सीट जाते. म्हणून सीसॅबच्या यादीत हातातल्या सीटपेक्षा खरोखर चांगल्या वाटणाऱ्या ओळीच टाका, मग त्या पाचच का असेनात.

मे महिन्यात खासगी कॉलेजांचे फोन येतात: "आज फी भरा, उद्या सीट नाही." भरायचीच असेल तर फी परतीचा नियम आधी लेखी घ्या आणि मूळ मार्कशीट देऊ नका. मूळ कागद पाहून परत द्यायचे असतात, अडकवून ठेवायचा अधिकार कॉलेजला नाही.

शेवटच्या फेरीत एनआयटी किंवा ट्रिपल आयटी मिळाली असेल तर प्रवेश फीचा काही भाग जोसाच्या पोर्टलवरच भरावा लागतो. ही दुसरी फी आहे, सीट स्वीकारताना भरलेली वेगळी. तिची तारीख आत्ताच कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा, आणि त्या दिवशी खात्यात पैसे आहेत आणि ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा तेवढी वाढवलेली आहे, हे दोन दिवस आधी बँकेत जाऊन बघून या.